सुतकातलं उद्घाटन

तेलाला नाव काय द्यायचं यावरचं भांडण ज्या संध्याकाळी मिटलं, त्याच संध्याकाळी तेलाच्या नफ्यातून दान कुणाला करायचं यावरचं सुरू झालं. नावाच्या भांडणात निदान गंमत होती. वरदला ‘कोस्टल रूट्स’ हवं होतं. त्याच्या आईने, आनंदीबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा तोंडातून ‘कोष्टाचं रूट’ असं काहीतरी बाहेर पडलं, तेव्हा सगळ्यांनी मुकाट्याने ‘वाडीचं खोबरेल’ मान्य केलं. दानाचं भांडण तसं हसण्यावारी जाण्यातलं नव्हतं, हे आश्लेषाच्या पहिल्या पाच मिनिटांतच लक्षात आलं.

“स्मशान,” तिचे सासरे अण्णा म्हणाले.

ओटीवर वरदच्या बायकोच्या, इराच्या हातातला चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

“स्मशानात शेड बांधायची. पक्क्या पत्र्याची,” अण्णांनी खुलासा केला, जणू अडचण शेड कच्ची की पक्की एवढीच होती.

तसा अण्णांचा अधिकार मोठा होता. वादळात निम्म्या माडांच्या माना मोडल्या, तेव्हापासून वाडीत दुसरं काहीतरी करायला हवं असं घरात नुसतं बोललं जात होतं. शेवटी त्यांनीच गोठ्याची जागा घाण्यासाठी मोकळी करून दिली आणि एकच अट घातली: धंदा कुटुंबाचा, पण नफ्यातला एक वाटा कायमचा सत्कार्याला. तेव्हा माना सगळ्यांनीच डोलावल्या होत्या. सत्कार्य या शब्दाला कोण नाही म्हणणार? आता ज्याच्या त्याच्या मनातलं सत्कार्य वेगळं निघालं होतं.

“अण्णा, लोक हे तेल डोक्याला लावणार,” वरद म्हणाला. धाकटा मुलगा वरद वाशीला कुठल्याशा कंपनीत जाहिरातींचं बघायचा आणि घरच्या धंद्याची जाहिरात ही आपलीच जहागीर आहे असं समजून दर शनिवारी चौलला येत होता. “सकाळी उठून बाटली उचलली की समोर स्मशान! कोण घेईल?”

“का? डोकं शेवटी जातं कुठं?”

इरा नवऱ्याच्या मदतीला धावली. “अण्णा, समुद्री कासवं,” ती गोड आवाजात म्हणाली. “त्यांची अंडी वाचवायची. लेबलवर छोटंसं कासव. मुंबईची माणसं कासव बघून दोन बाटल्या जास्त घेतात.”

“आणि माणसाचं काय?” अण्णा उसळले. “श्रावणात माझा मित्र तात्या गेला. सकाळी नेला, संध्याकाळपर्यंत नुसता धूर. जाळ म्हणून नाही. वरून पाऊस, खालून ओली लाकडं. आयुष्यभर इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस! कासवाला निदान पाठीवर छप्पर असतं.”

तात्यांना पोचवून अण्णा घरी आले होते, तो दिवस आश्लेषाला आठवला. ओल्या धोतराने ते किती वेळ अंगणातच बसून राहिले होते आणि चहा पुढे केला तर म्हणाले होते, “सूनबाई, मला असं भिजवून जाळू नका.” त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता मात्र तिला सासऱ्यांची कीव करणं परवडण्यासारखं नव्हतं, कारण तिचं स्वतःचं सत्कार्य पणाला लागलं होतं.

आश्लेषा रेवदंड्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह होतं, पण त्याला दार होतं तेव्हा पाणी नव्हतं आणि पाणी आलं तेव्हा दार गेलं होतं. आठवी-नववीच्या मुली दिवसभर पाणी पीत नसत. घाणा बसायच्या आधीच एका बेसावध क्षणी ती वर्गात बोलून गेली होती की आमच्या घरच्या तेलातून तुमचं नवं स्वच्छतागृह होणार. मुख्याध्यापिकांनी ती गोष्ट दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केली. टाळ्या वाजल्या. एवढ्या टाळ्या आश्लेषासाठी कधी वाजल्या नव्हत्या, आणि त्या तिला फार आवडल्या, हीच खरी अडचण होती.

तिने आपलं म्हणणं शांतपणे मांडलं. वरदने “वहिनी, खोबरेल तेलावर संडास?” असं म्हणून त्याची वाट लावली.

शेवटी सगळे देवव्रतकडे वळले. घाणा चालवणार तो, सुकं खोबरं निवडणार तो, तेव्हा त्याचं मत मोलाचं. आश्लेषाचा नवरा अत्यंत सज्जन होता. जो शेवटचा बोलला त्याचं त्याला पटायचं.

“मला वाटतं, शाळा,” देवव्रत म्हणाला.

“आणि बापाचं काही नाही?” अण्णा म्हणाले.

“तेही आहे म्हणा. शेड पाहिजेच.”

“दादा, कासव,” इरा म्हणाली.

“कासव तर... कासव म्हणजे गरीब प्राणी.”

आश्लेषाने त्या रात्री नवऱ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं. देवव्रतने ‘बरं’ म्हणून त्यालाही मान्यता दिली.

पुढचे शनिवार-रविवार स्वयंपाकघरात आणि विहिरीवर कारस्थानांचे गेले. आश्लेषाने इराला गाठून सुचवलं, की या वर्षी शाळा, पुढच्या वर्षी कासव, आपण दोघी एक होऊ. इराने हात हातात घेऊन कबूल केलं. दुसऱ्याच दिवशी अण्णांनी इराला सांगितलं, की शेडच्या भिंतीवर ती म्हणेल तेवढी कासवं रंगवून घेऊ. झालं, इरा फुटली. आश्लेषाने मग वरदला फोडायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “वहिनी, मी फक्त लेबलच्या बाजूने आहे.” आणि लेबल छापायची वेळ आली तेव्हा वैतागून त्याने त्यावर एवढंच घातलं: ‘नफ्याचा वाटा सत्कार्यासाठी.’ कुठलं, ते उद्घाटनाच्या दिवशी जाहीर करू, तोवर ठरेल. उद्घाटन दसऱ्याला होतं.

दसरा उजाडला तरी ठरलं नव्हतं.

घाण्याच्या शेडला झेंडूची तोरणं लागली होती. टेबलावर पांढरी चादर आणि तिच्यावर बाटल्या मांडलेल्या, उन्हात सोन्यासारख्या. पहिल्या घाण्याचं सगळं तेल त्या बाटल्यांत होतं. किहीमला रिसॉर्ट असलेले कांतीभाई भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघाले होते. रिसॉर्टच्या प्रत्येक खोलीत हे तेल ठेवायचं त्यांनी जवळजवळ नक्की केलं होतं. रेवसला त्यांना आणायला गावातल्या भागोजीचा टेम्पो गेला होता, कारण वरदची गाडी ऐन वेळी रुसली होती. आनंदीबाईंनी पुरणाला हात घातला होता. अण्णा नवं उपरणं घेऊन तिसऱ्यांदा भाषण म्हणून पाहत होते, आणि त्या भाषणात स्मशान हा शब्द किती वेळा येतो ते आश्लेषा दाराआडून ऐकत होती.

तेवढ्यात हर्षद आला. अनवाणी. वाडीच्या मधल्या कुंपणावरून उडी मारून आला होता, म्हणून पायरीवर सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्या पायांकडे गेल्या.

“अण्णाकाका,” तो म्हणाला, “आई गेली.”

हर्षदची आई म्हणजे नीराबाई, अण्णांच्या चुलतभावाची बायको. शेजारच्या वाडीत राहायची. कुंपणावर उगवलेली रामफळी कुणाची, यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. रामफळी वादळात पडली, तरी भांडण उभं होतं.

अण्णांनी त्याला ओटीवर बसवलं. हर्षद कसंबसं सांगत होता: सकाळी दाराला तोरण बांधायला म्हणून बाहेर आली, पायरीवर टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर येऊन गेले. बहिणीला कळवलंय, पण ती बडोद्याहून कधी पोचणार? माणसं सगळी सणाच्या गडबडीत. त्याला बाकी काही सुचत नव्हतं, म्हणून तो इकडे आला होता.

“आलोच,” अण्णा म्हणाले आणि गळ्यातलं नवं उपरणं काढून त्यांनी खांबाला अडकवलं.

हर्षद गेल्यावर वरदने हळूच विचारलं, “अण्णा, उद्घाटन तेवढं उरकून... म्हणजे फक्त फीत...”

“सुतक आहे.”

“पण आपलं तर त्यांच्याशी बोलणंसुद्धा...”

“सुतक भांडण बघत नाही,” अण्णा म्हणाले. “भाऊबंद आहोत. दहा दिवस.”

आनंदीबाईंनी आतून चुलीवरचं पुरण उतरवल्याचा आवाज आला. मग त्या पदराला हात पुशीत बाहेर आल्या, कुणाशी एक अक्षर न बोलता कुंपणाशी गेल्या आणि सत्तरी उलटलेल्या त्या बाईने हर्षद जिथून आला होता तिथूनच पलीकडे पाय टाकला. रस्त्याने वळसा घालून जावं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आश्लेषा त्यांच्यामागून गेली. नीराबाई अंथरुणावर झोपल्यासारखी होती. आनंदीबाईंनी तिचे केस विंचरले, साडी नीट केली आणि करता करता तिच्याशी भांडत राहिल्या. “बरी गेलीस गं. आजचाच मुहूर्त मिळाला तुला? कधी म्हणून सरळ वागायची नाहीस.”

दुपारी कांतीभाई पोचले, ते थेट प्रेतयात्रेच्या पुढ्यात. टेम्पोतून उतरून त्यांनी हातातला गुच्छ इकडेतिकडे पाहत शेवटी नीराबाईच्या पायांशी ठेवला आणि चपला काढून सगळ्यांबरोबर चालू लागले. वरदने मागे राहायची विनंती केली, तर म्हणाले, “अरे, घरात मयत असताना मी काय एकटा बसून पुरणपोळी खाऊ?”

स्मशान खाडीच्या कडेला होतं. एक दगडी चौथरा, वर आकाश. आणि ते आकाश निघतानाच काळं पडायला लागलं होतं. परतीचा पाऊस नेहमीप्रमाणे आधी लांब कुठेतरी गडगडला आणि मग सरळ अंगावर आला. चिता रचून होते न होते तोच लाकडं भिजली. हर्षदने अग्नी दिला, धूर झाला, विझला. पुन्हा दिला, पुन्हा विझला. तुपाचं भांडं रिकामं झालं. हर्षद विझलेलं कोलीत हातात धरून तसाच उभा राहिला आणि लहान मुलासारखा अण्णांकडे पाहू लागला.

हे आश्लेषाला नंतर कळलं. ती तेव्हा घरी होती. तिला दिसलं ते एवढंच, की भागोजीचा टेम्पो भर पावसात उलटा परत आला आणि त्यातून देवव्रत उडी मारून उतरला. घाण्याच्या शेडची पुढची पडवी नव्या कोऱ्या पत्र्यांची होती. देवव्रत शिडी लावून वर चढला आणि पान्याने पत्रे सोडवू लागला. झेंडूची तोरणं पत्र्यांबरोबर खाली आली.

“काय करतोयस?” आश्लेषा ओरडली.

“पत्रे नेतोय!”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही,” देवव्रत म्हणाला, आणि ते ऐकून दोघंही क्षणभर थबकली. “तेल पण काढ. सगळं.”

“सगळं म्हणजे? कांतीभाईंना...”

“सगळं, आश्लेषा. आणि करवंट्यांची पोती.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याने तिला असा हुकूम कधी केला नव्हता. ती वाद घालायचीच विसरली. टेबलाकडे धावली, तर तिथे आनंदीबाई आधीच चादरीची चारी टोकं उचलून बाटल्यांचं गाठोडं बांधत होत्या. “फुटतील, आई!” इरा म्हणाली. “मग तू पोटाशी धर,” आनंदीबाई म्हणाल्या. भागोजीने करवंट्यांची पोती चढवली आणि बायकांकडे पाहून विचारलं, “तुमी पन येताव काय? मसनात?”

“बाटल्यांची बुचं कोण उघडणार? तू?” आनंदीबाई म्हणाल्या आणि टेम्पोत चढून बसल्या. त्यांच्यामागोमाग आश्लेषा आणि इराही चढल्या.

तर अशा रीतीने ‘वाडीचं खोबरेल’ बाजारात गेलं नाही, स्मशानात गेलं. वरदने फार चिकित्सा करून निवडलेली बुचं एकदा बसली की नखाने निघत नसत. इरा ती दातांनी उघडत होती आणि दर बुचामागे नवऱ्याला दोन शब्द सुनावत होती. चौथऱ्याच्या चहूबाजूंनी माणसांनी पत्रे डोक्यावर आडवे धरले. एका कोपऱ्याला अण्णा, त्यांच्या समोर कांतीभाई, त्यांचा रेशमी झब्बा अंगाला चिकटलेला आणि पत्र्यावरून सुटलेली धार बरोबर मानेत. करवंट्या लाकडांच्या फटींतून खोचल्या, पोत्यांतली नारळाची सोडणं तेलात बुचकळून आत सरकवली, वरून बाटल्यांवर बाटल्या ओतल्या. हर्षदने तिसऱ्यांदा अग्नी दिला.

या वेळी विझला नाही. करवंटी तडतडली, निळसर जाळ आतून वर आला आणि बघता बघता सगळी चिता धडाडून पेटली. पत्रे धरलेली माणसं एकेक पाऊल मागे सरली. सगळ्या खाडीवर खोबरेलाचा वास पसरला, न्हाणीघरात दिवाळीच्या पहाटे येतो तसा.

मग अण्णा म्हणाले, “नीरा, तेल शुद्ध आहे हो. भेसळ नाही.”

हर्षद रडता रडता हसला. ते पाहून वरदला हसू आलं, ते त्याने पत्र्याआड लपवलं, पण पत्राच थरथरायला लागला.

घरी येऊन सगळ्यांची अंघोळ होईस्तोवर पाऊस ओसरला आणि मावळतीला पिवळं ऊन पडलं. कांतीभाई अण्णांचं धोतर आणि देवव्रतचा सदरा अशा अवतारात ओटीवर बसले होते. गावातून कुणीतरी पिठलं-भात आणून दिला होता. वरद त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता. “कांतीभाई, माफ करा. आता दाखवायलासुद्धा बाटली नाही. सुतक फिटलं की पुन्हा...”

“अरे, माल तर बघितला ना मी! एवढ्या पावसात पेटला!” कांतीभाई म्हणाले. “फक्त एक काम करा. माझ्या गेस्टना ही स्टोरी सांगू नका. मी पण नाही सांगणार.” आणि पिठल्याचा घास घेऊन त्यांनी विचारलं, “पण ते सत्कार्य कुठलं? लेबलवर काही लिहिलंच नाही.”

आश्लेषाचे दोन्ही खांदे भरून आले होते, कारण शेवटी शेवटी एक पत्रा तिनेही धरला होता. तिच्या डोळ्यांसमोरून तो विझलेलं कोलीत धरून उभा असलेला हर्षद जाईना, जो तिने प्रत्यक्ष पाहिलासुद्धा नव्हता. प्रार्थनेच्या वेळच्या टाळ्या तिला आठवल्या आणि आता त्या जरा लांबून आल्यासारख्या वाटल्या.

“शेड,” ती म्हणाली. “अण्णांचं बरोबर आहे. आधी शेड होऊ दे. मुलींना मी सांगेन समजावून.”

“अजिबात नाही,” अण्णा म्हणाले. “शाळा.”

“अहो, पण तुम्हीच...”

“मी म्हणालो होतो. तेव्हा मला भीती होती, सूनबाई. वाटायचं, आपल्या वेळेला सगळे छत्र्या धरून लांब उभे राहतील आणि आपण बसू धुमसत. आज बघितलं ना. त्या बाईशी मी इतकी वर्षं बोललो नाही, तरी तिच्यासाठी तुम्ही घराचे पत्रे काढून आणलेत.” अण्णांनी उपरण्याने नाक पुसलं. “माझं काम झालं. आता कसली शेड नि कसलं काय. पोरी दिवसभर तहानलेल्या बसतात, ते आधी बघा.”

“आणि दर वेळी आम्ही पत्रे काढायचे?” आश्लेषा तडकली. “हात बघा माझे, अण्णा. ते काही नाही, शेडच.”

“शाळा!”

“शेड!”

“मला वाटतं कासवांचा हा चांगला मुहूर्त आहे,” इरा म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. महिनाभर चाललं होतं तेच भांडण, फक्त दोघांनी बाजू बदलल्या होत्या आणि आवाज तेवढेच चढले होते. कांतीभाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत जेवत होते.

आनंदीबाईंनी देवव्रतच्या पानात भात वाढला. “तू काय म्हणतोस?” त्यांनी विचारलं.

आश्लेषाने सवयीने सुस्कारा सोडला. शेवटचं कोण बोललं होतं, इराच ना? म्हणजे कासव.

देवव्रतने घास खाली ठेवला. “शाळा आधी,” तो म्हणाला. “मुलींना शब्द दिलाय. शेड पुढच्या वर्षी. त्यानंतर कासव.”

“एवढं थांबायचं त्यांनी?” इरा म्हणाली.

“थांबतील,” आनंदीबाई म्हणाल्या. “आयुष्य भरपूर असतं त्यांना.”

“आणि अण्णा,” देवव्रत वडिलांकडे वळला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, पण नजर त्याने हलवली नाही. “शेड होईपर्यंत तुम्ही कुठं जायचं नाही. मी सांगतोय म्हणून.”

अण्णांनी मुलाकडे पाहिलं.

“आणि धंदा बुडाला तर?” त्यांनी विचारलं. “नफाच झाला नाही तर?”

“तर शेड नाही.”

“म्हणजे मग मी...”

“बसा तसेच,” देवव्रत म्हणाला आणि भात कालवू लागला.

अण्णा सुनेकडे झुकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “सूनबाई, तेल जरा महाग ठेवा. फार खपायला नको.”